चिनी अकरावी-बारावीच्या मुलांचं इंग्रजी ऐकणं आणि वाचणं कसं तपासावं? गाओकाओची जुनी प्रश्नपत्रिका दिली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की चीनमधल्या सोळा-सतरा वर्षांच्या बारा मुलांचा ऑनलाइन वर्ग घ्यायचा आहे आणि शिकवायला लागण्याआधी त्यांचं इंग्रजी ऐकणं-वाचणं कुठवर आलंय ते बघायचं आहे. गाओकाओची जुनी प्रश्नपत्रिका देऊ नका. मी पुण्यात बसून गेली काही वर्षं याच वयाच्या चिनी मुलांसाठी चाचण्या तयार करते, त्या अनुभवावरून सांगते.

आधी ती प्रश्नपत्रिका कशी असते ते बघा. गाओकाओ ही त्यांची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, ७ जूनला सुरू होणारी. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नाव नोंदवलं होतं. इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी ३ ते ५. बहुतेक प्रांतांत तो १५० गुणांचा असतो: ऐकणं ३०, वाचन ५०, रिकाम्या जागा आणि व्याकरण ३०, लेखन ४०. ऐकण्याचे २० प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय. पहिले पाच छोटे संवाद एकदाच वाजतात, पुढचे लांब संवाद आणि भाषणं दोनदा. ध्वनिफीत सुरू झाल्यावर दार वाजायला नको म्हणून या पेपरला पावणेतीननंतर कुणालाच आत घेत नाहीत. बाकीच्या विषयांना पंधरा मिनिटं उशीर खपतो. केंद्राजवळची बांधकामंसुद्धा थांबवतात. आपल्या बोर्डाच्या इंग्रजीला राज्यभर एकच ध्वनिफीत लावायचा प्रकारच नाही, त्यामुळे आपल्याला याची कल्पना चटकन येत नाही.

या सगळ्याची मुलांना इतकी सवय असते की सुरुवातीच्या सूचनेतलं नमुना उदाहरण, शर्टाची किंमत ९ पौंड १५ पेन्स, म्हणून उत्तर 'सी', हा चीनमध्ये पिढीभराचा विनोद होऊन बसलाय. तुम्ही तीच पद्धत वापरलीत तर मुलं तिथे आपलं इंग्रजी नाही, आपला सराव दाखवतील. मधल्या दहा सेकंदांत पुढचे पर्याय वाचून ठेवायचे, ध्वनिफितीतला शब्द जसाच्या तसा पर्यायात दिसला की तो सापळा समजायचा, असल्या युक्त्या त्यांना पाठ असतात. शिवाय तीन पर्यायांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी ३० पैकी १० गुण पडतातच. एखाद्याला १५ पडले तर त्याला नेमकं किती ऐकू आलं, हे कसं ठरवणार?

आता मुख्य मुद्दा. या मुलांच्या वाचनात आणि ऐकण्यात बरंच अंतर असतं, आणि तुम्हाला मोजायचं आहे ते हे अंतर. तीनेक हजार शब्द त्यांना डोळ्यांनी ओळखीचे असतात. तेच शब्द कानावर पडले की अनोळखी होतात. कारण त्यांच्या भाषेत आहे. प्रमाण चिनी भाषेत शब्दावयव (सिलेबल) संपतो तो स्वरावर, नाहीतर 'न' किंवा 'ङ' या अनुनासिकांवर. शेवटी 'क्ट' किंवा 'स्क्स' अशी जोडाक्षरं येतच नाहीत. क्रियापदाचं रूपही काळाप्रमाणे बदलत नाही. त्यामुळे 'वॉक्ड'मधला (उच्चारात 'वॉक्ट') शेवटचा 'ट' त्यांच्या कानाला लागत नाही, आणि लागायला हवा होता हेही जाणवत नाही. 'पिक इट अप' हे बोलताना 'पिकिटप' असं एका दमात येतं, तेव्हा 'हा कुठला नवा शब्द?' असा चेहरा होतो. आपल्या मुलांनाही जलद इंग्रजी अवघड जातं, पण शेवटचं व्यंजन मराठी कान सहसा सोडत नाही.

प्रांत विचारून घ्या. सिचुआन, हुनान, हुबेईकडच्या बऱ्याच बोलींत 'न' आणि 'ल' यांत फरक करत नाहीत, त्यामुळे 'नाइट' की 'लाइट' हा गोंधळ तिथे खरा आहे. बीजिंगच्या मुलांची २०२१पासून ऐकण्या-बोलण्याची ५० गुणांची परीक्षा संगणकावर होते, वर्षातून दोन संधी असतात आणि त्यांतले चांगले गुण धरतात. उलट काही प्रांतांत ऐकण्याचे गुण कितीतरी वर्षं बेरजेत धरतच नव्हते. अशा ठिकाणच्या मुलाचा कान कच्चा निघाला तर त्यात नवल नाही, आणि त्यावरून त्याची हुशारी ठरवू नका.

चाचणी अशी करा. साधारण २५० शब्दांचे, सारख्या अवघडपणाचे दोन उतारे घ्या. सहा मुलांनी पहिला ऐकायचा आणि दुसरा वाचायचा; उरलेल्या सहांनी उलट. म्हणजे एखादा उतारा सोपा निघाला तरी निकाल एका बाजूला झुकत नाही. एका उताऱ्याचे प्रश्न ऐकणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना तेच, पर्याय न देता, आणि उत्तर चिनीत लिहायची मुभा. चिनी येत नसेल तर भाषांतराच्या ॲपवर काम भागतं, कारण तुम्हाला शैली बघायची नाहीये, समजलं की नाही एवढंच बघायचंय. तेही नको असेल तर तक्ता भरायला द्या: कोण, कुठे, कधी, किती. 'किती'मध्ये मोठी संख्या जरूर घाला. चिनी मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी चालते, त्यामुळे 'थ्री हंड्रेड फिफ्टी थाउजंड' ऐकल्यावर त्यांना मनात आधी उलटापालट करावी लागते. साडेतीन लाख म्हणणाऱ्या आपल्याला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको! लांब उतारा ऐकवून शेवटी दहा प्रश्न मात्र विचारू नका, ती स्मरणशक्तीची परीक्षा होते. मध्ये थांबा.

त्यानंतर पाच वाक्यांचं श्रुतलेखन. एवढ्या मजकुरातून मला सर्वांत जास्त कळतं. 'शी वर्क्ड देअर' हे 'शी वर्क देअर' असं उतरलं तर शेवटचं व्यंजन निसटतंय. तीन शब्दांच्या जागी एकच विचित्र शब्द उतरला तर जोडून बोललेलं सुटं करता येत नाहीये. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

वाचनाला घड्याळ लावा. वेळ मोकळा सोडलात तर ही मुलं प्रत्येक वाक्याची चिरफाड करून सगळं बरोबर आणतात. परीक्षेत वाचनाचे प्रश्न तपशील, अनुमान, अधोरेखित शब्दाचा संदर्भावरून अर्थ आणि योग्य शीर्षक या साच्यांतले असतात. म्हणून तुम्ही एक प्रश्न साच्याबाहेरचा विचारा, उदाहरणार्थ 'लेखकाचं कुठलं म्हणणं तुम्हाला पटलं नाही?' इथे अर्धा वर्ग गप्प होतो. न समजल्यामुळे असेलच असं नाही. असा प्रश्न त्यांना सहसा कुणी विचारलेला नसतो.

ऑनलाइनमुळे दोन अडचणी आहेत. गूगल फॉर्म आणि यूट्यूब चीनमध्ये उघडत नाहीत, तेव्हा ध्वनिफाइल वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर पाठवा. आणि कॉलवरून आवाज ऐकवू नका. त्यात 'स', 'फ', 'थ' हेच आवाज आधी खराब होतात, म्हणजे तुम्ही कान तपासायच्या ऐवजी इंटरनेट तपासाल. प्रत्येकाने फाइल आपल्या यंत्रावर वाजवावी. पहिल्या चाचणीत स्वतःचा आवाज वापरू नका. त्यांचा कान अमेरिकी आणि ब्रिटिश उच्चारांवर तयार झालेला असतो. आपल्या उच्चारांची सवय पुढे वर्गात होईलच.

गुण कसे देणार ते चाचणीआधी सांगून टाका. नोव्हेंबर २०१८ मध्ये चेज्यांग प्रांतात इंग्रजीच्या काही प्रश्नांचे गुण पेपर झाल्यावर वेगळं सूत्र लावून वाढवले गेले. पालक इतके भडकले की सरकारला चौकशी करून सगळ्यांचे मूळ गुण परत लावावे लागले. तुमच्या बारा जणांच्या वर्गात एवढं रामायण होणार नाही, पण ऐकण्याचे आणि वाचनाचे गुण वेगवेगळे लिहून द्या, बेरीज देऊ नका. बेरीज दिलीत तर आई-वडील तेवढाच आकडा बघतील.