अमेरिकन कॉलेजच्या संघात प्रशिक्षकाने दिलेला शब्द कितपत बांधील असतो? ही निवड न्याय्य असते का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा: आपली भाची टेक्सासमध्ये हायस्कूलच्या अकरावीत आहे आणि टेनिस उत्तम खेळते. एका विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने तिला संघात जागा आणि काही स्कॉलरशिप देण्याचा शब्द दिला होता. त्या भरवशावर तिने इतर प्रशिक्षकांना नकार कळवला. पुढे तो प्रशिक्षक दुसऱ्या विद्यापीठात रुजू झाला आणि त्याच्या जागी आलेल्या प्रशिक्षकाने हात वर केले. ह्याला न्याय म्हणायचे का, आणि दाद कोठे मागायची, असे आपण विचारता.

दुसऱ्या भागाचे उत्तर छोटे आहे म्हणून ते आधी देते. दाद मागण्याची जागा नाही. प्रशिक्षकाची तोंडी ऑफर आणि त्या ऑफरला मुलीने दिलेला तोंडी होकार, दोन्ही नियमांच्या लेखी बंधनकारक नसतात. त्यामुळे नव्या प्रशिक्षकाने कोणताही नियम मोडलेला नाही, आणि जुन्यानेही नाही. पहिल्या भागाचे उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागेल.

मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात शिकवते आणि काही वर्षे तेथील क्रीडा विभागाच्या कामकाजाकडे लक्ष ठेवणाऱ्या प्राध्यापकांच्या समितीवर होते. तेथे बसून माझे एक मत पक्के झाले. कॉलेज खेळांची सर्वोच्च संघटना असलेल्या एनसीएएचे जाडजूड नियमपुस्तक विद्यापीठा-विद्यापीठांमधली चढाओढ बरोबरीची राहावी म्हणून लिहिले गेले आहे. सतरा वर्षांच्या मुलीला न्याय मिळतो की नाही, हा प्रश्न त्या पुस्तकाने फारसा विचारलेलाच नाही. तो प्रश्न विचारला न्यायालयांनी, आणि तोही गेल्या दहा-पंधरा वर्षांत.

नियमांची बारकाई पाहिली की हे लगेच लक्षात येते. प्रशिक्षकाने मुलाशी पहिल्यांदा कधी बोलावे (बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून), कोणत्या आठवड्यांत त्याला प्रत्यक्ष भेटावे, किती वेळा घरी जावे, ह्या सगळ्याचे वेळापत्रक ठरलेले असते. एके काळी खेळाडूंना अल्पोपाहार म्हणून नुसता बेगल देणे चालत असे, पण त्यावर क्रीम चीज लावले की ते जेवण ठरून नियमभंग होत असे. २०१४ साली कनेक्टिकटच्या विजेत्या बास्केटबॉल संघातील शबाझ नेपियर याने आपल्याला कधी कधी उपाशी झोपावे लागते असे जाहीरपणे सांगितले, आणि त्याच एप्रिलमध्ये खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठली. ज्या पुस्तकात चीजचाही विचार होता, त्यात प्रशिक्षकाने शब्द फिरवला तर काय, ह्याचा विचार नव्हता.

शिक्षेचेही तसेच. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने खेळाडूंना गुपचूप पैसे पुरवले म्हणून १९८७चा त्यांचा संपूर्ण फुटबॉल हंगाम एनसीएएने रद्द केला, आणि १९८८चा हंगाम विद्यापीठाने स्वतःच सोडून दिला. चढाओढीतली लबाडी थांबवायला ही शिक्षा योग्य असेलही, परंतु ज्यांनी एक डॉलरही घेतला नव्हता त्या मुलांनाही आपले सामान उचलून दुसरे कॉलेज शोधावे लागले.

प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यातली असमानता सर्वांत स्पष्ट दिसायची ती करारात. १९६४ पासून ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा कागद प्रचारात होता. बारावीतल्या मुलाने त्यावर सही केली की तो एक वर्ष त्या विद्यापीठाशी बांधला जाई. हा करार विद्यापीठाशी आहे, प्रशिक्षकाशी नाही, आणि प्रशिक्षक निघून गेला तरी सही कायम राहील, असे त्यात स्पष्टपणे लिहिलेले असे. शिवाय फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या खेळांत विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर बाकावर बसावे लागे, आणि त्याने कोणकोणत्या विद्यापीठांशी बोलू नये हेही २०१८ पर्यंत जुना प्रशिक्षक ठरवू शकत असे. प्रशिक्षक मात्र आज येथे आणि उद्या तेथे, शिवाय पगार वाढवून.

लेन किफिन या फुटबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द ह्या संदर्भात वाचण्यासारखी आहे. टेनेसी विद्यापीठात केवळ एक हंगाम काढून, नव्या मुलांच्या सह्यांचा दिवस काही आठवड्यांवर आला असताना, जानेवारी २०१०मध्ये तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. पुढच्याच महिन्यात त्याने डेव्हिड सिल्स या सातवीतल्या, तेरा वर्षांच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) स्कॉलरशिप देऊ केली आणि त्या मुलाने जाहीर होकारही दिला. मुलगा बारावीला पोहोचण्याआधी, सप्टेंबर २०१३मध्ये, एका पराभवानंतर परतलेल्या किफिनला विमानतळावरच नोकरीवरून काढले गेले. सिल्स अखेरीस वेस्ट व्हर्जिनियाकडून खेळला, क्वार्टरबॅक म्हणून नव्हे तर फेकलेला चेंडू झेलणारा रिसीव्हर म्हणून, आणि २०१७मध्ये देशातल्या अव्वल रिसीव्हरांत गणला गेला, म्हणजे त्याचे भले झाले. तरीही सातवीतल्या मुलाला दिलेल्या शब्दाची किंमत किती, हे त्यातून कळतेच. हाच किफिन ३० नोव्हेंबर २०२५ रोजी ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून लुइझियाना स्टेटकडे गेला, तेव्हा त्याचा संघ ११ सामने जिंकून प्लेऑफच्या उंबरठ्यावर होता आणि नव्या खेळाडूंच्या सह्या तीन दिवसांवर आल्या होत्या.

ह्यात मी एकट्या किफिनला दोष देणार नाही. प्रशिक्षकांच्या नेमणुकांचे आणि मुलांच्या सह्यांचे वेळापत्रकच असे आहे की दोन्ही एकाच आठवड्यात येऊन आदळतात. शिवाय प्रशिक्षकालाही स्थैर्य नसते. नेमणूक आणि बडतर्फी बऱ्याचदा विद्यापीठाच्या अध्यक्षांपेक्षा श्रीमंत देणगीदारांच्या संयमावर अवलंबून असते. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३मध्ये जिंबो फिशरला काढले, तेव्हा उरलेल्या करारापोटी त्याला साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याची तयारी त्यांना ठेवावी लागली. टेनिसच्या प्रशिक्षकाच्या वाट्याला ह्यातले काही येत नाही. त्याचा पगार साधा असतो, करार अनेकदा वर्षा-वर्षाचा असतो, आणि चांगली संधी आली तर तो जाणारच. आपल्या भाचीला शब्द देताना तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. तो केवळ स्वतःच्या हातात नसलेली गोष्ट देत होता.

आता न्यायालयांविषयी. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० असा निर्णय देऊन, शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएने घातलेली मर्यादा बेकायदा ठरवली. त्यानंतर दहा दिवसांत खेळाडूंना स्वतःचे नाव आणि प्रतिमा वापरून जाहिरातींतून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावे नोंदवणाऱ्या, २०१८मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सफर पोर्टलमुळे जुन्या प्रशिक्षकाची परवानगी लागेनाशी झाली, २०२१मध्ये एकदा आणि एप्रिल २०२४पासून शैक्षणिक अटी पाळून कितीही वेळा, न थांबता विद्यापीठ बदलता येऊ लागले. ‘लेटर ऑफ इंटेंट’ ऑक्टोबर २०२४मध्ये रद्द झाले आणि त्याची जागा थेट आर्थिक साहाय्याच्या कराराने घेतली. जून २०२५मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनीच एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातील तडजोड मंजूर केली. तिच्यानुसार माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई दहा वर्षांत मिळायची आहे, आणि विद्यापीठे पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटू शकतात.

जो खेळाडू आधीच कॉलेजात आहे त्याच्या दृष्टीने हा न्यायच आहे, आणि तो फार उशिरा मिळाला. परंतु त्याची किंमत मोजणारा एक गट आहे, आणि आपली भाची त्यात मोडते. प्रशिक्षकासमोर आज दोन पर्याय असतात: हायस्कूलमधली होतकरू मुलगी, जिला तयार करायला दोन वर्षे लागतील आणि तयार झाल्यावर जी पोर्टलमधून निघून जाऊ शकेल, किंवा एकवीस वर्षांची, दुसऱ्या विद्यापीठात सिद्ध झालेली खेळाडू, जी पहिल्या सामन्यापासून गुण मिळवून देईल. ज्याची नोकरी येत्या दोन हंगामांवर टिकून आहे तो दुसरा पर्याय निवडतो, आणि त्याला अन्यायी म्हणणे मला जड जाते.

टेनिसमध्ये त्यात आणखी एक भर पडते. पूर्वी डिव्हिजन वनमधल्या (एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटातल्या) महिला टेनिस संघाला आठ पूर्ण स्कॉलरशिप देता येत असत. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत आता स्कॉलरशिपवर मर्यादा नाही, पण संघात मात्र दहाच खेळाडू ठेवता येतात. कागदावर आठाच्या दहा झाल्या. प्रत्यक्षात दहाही द्यायला कोणी बांधील नाही, आणि थेट वाटायच्या पैशाचा बहुतांश भाग फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाणार हे उघड गुपित आहे. (स्त्री-पुरुष समानतेच्या १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याशी हे कसे जुळते, ह्यावर अपिले दाखल झाली आहेत.) स्कॉलरशिपशिवाय संघात येणाऱ्या ‘वॉक-ऑन’ मुलींना पूर्वी जी फट असे ती बुजली. तशात ह्या खेळात परदेशी खेळाडूंची संख्या मोठी आहे आणि त्यांतले पुष्कळ जण वयाने मोठे, व्यावसायिक स्पर्धांचा अनुभव घेतलेले असतात. आपल्याकडच्या सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी दोन वर्षे एनसीएएचे एकेरी विजेतेपद मिळवले, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्याच दाराने येणाऱ्यांशी आज टेक्सासमधल्या मुलीची स्पर्धा आहे. हे मला अन्याय्य वाटत नाही. अवघड जरूर वाटते.

खरी बेइमानी नाही असे मात्र समजू नये. मार्च २०१९मध्ये उघड झालेल्या ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरणात रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन, जी मुले तो खेळ खेळतच नव्हती त्यांना खेळाडू म्हणून येल, जॉर्जटाउन, सदर्न कॅलिफोर्निया अशा विद्यापीठांत घुसवले. येलचा महिला सॉकर प्रशिक्षक आणि जॉर्जटाउनचा टेनिस प्रशिक्षक यांनी लाच घेतल्याचे मान्य केले, आणि सिंगरला पुढे साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. हे शक्य झाले कारण प्रशिक्षकाने दिलेली यादी प्रवेश कार्यालय तपासत नसे. सॉकर, रोइंग, टेनिस अशा खेळांत प्रेक्षक कमी, पत्रकार त्याहून कमी, त्यामुळे यादीतला मुलगा मैदानावर कधी उतरलाच नाही तरी कोणाच्या लक्षात येत नसे. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्धच्या खटल्यात तर असे समोर आले की प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळत होता, जेथे एरवी शंभरातल्या पाच-सहा जणांनाही तो मिळत नाही. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल यांसारख्या आठ नामांकित विद्यापीठांचा गट) खेळासाठी स्कॉलरशिप देत नाही, पण प्रवेशाची ही चावीच स्कॉलरशिपहून मौल्यवान आहे, आणि स्क्वॉश, फेन्सिंग, सेलिंग यांसारखे खर्चिक खेळ कोणत्या घरांतली मुले खेळतात हे सांगायला नको. आपल्या भाचीवर झाले त्यापेक्षा मला हे कितीतरी अधिक अन्याय्य वाटते, आणि ते बहुतांशी नियमांत बसते.

आता तिच्यापुरते. बारावीच्या नोव्हेंबरात लेखी करार समोर येईपर्यंत, कोणी कितीही आपुलकीने बोलले तरी तिने इतर प्रशिक्षकांशी पत्रव्यवहार थांबवू नये. ज्यांना नकार कळवला होता त्यांना आजच ईमेल करून झालेला प्रकार सरळ सांगावा; प्रशिक्षक बदलल्यामुळे मोकळी झालेली मुलगी ह्या मंडळींना नवीन नसते आणि तिच्याविषयी कोणी वाईट मत करून घेत नाही. सोबत तिचे यूटीआर (टेनिसपटूंची पातळी दाखवणारे) मानांकन, ताज्या सामन्यांचे व्हिडिओ आणि गुणपत्रक जोडावे. डिव्हिजन थ्री (एनसीएएच्या तिसऱ्या गटातल्या) कॉलेजांना कमी लेखू नये. तेथे खेळासाठी पैसे मिळत नाहीत, पण गुणवत्तेवर आणि गरजेवर मिळणारे साहाय्य प्रशिक्षक बदलला तरी टिकते.

आणि पुढच्या प्रशिक्षकाशी बोलताना तिने स्वतः, आईवडिलांकरवी नव्हे, तीन गोष्टी विचाराव्यात: दहांपैकी किती जागा त्या वर्षी रिकाम्या होणार आहेत, त्यांतल्या किती तो पोर्टलसाठी राखून ठेवणार आहे, आणि देऊ केलेली स्कॉलरशिप एका वर्षाची आहे की चार वर्षांची. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ईमेलवर मागावे. जो प्रशिक्षक ते लिहून द्यायला आठवडे लावतो, त्याच्या यादीत ती बहुधा पहिल्या दोन-तीन नावांत नाही.