वॉरंटीतला टर्बो गेला, आता मोठा बसवू का?

प्रश्न : माझी डिझेल एसयूव्ही चार वर्षांची आहे, 72,000 किलोमीटर झालेत. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) गेला, निळा धूर, शिट्टीसारखा आवाज. गाडी पुण्यात घेतली. पाच वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी आहे, पण सर्व्हिस सेंटर म्हणतं, एकदा बाहेर ऑइल बदललंत, क्लेम बसत नाही, 85,000 भरा. ओळखीचा गॅरेजवाला तेवढ्यातच मोठा टर्बो आणि रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) करून देतो म्हणतोय. ते करून कंपनीवर दावा लावू का? की विम्यातून मिळतील?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दावा लावायचा असेल, तर मोठा टर्बो विसरा. उद्या कंपनीचा वकील एवढंच म्हणेल, ‘गाडी मूळ स्थितीतच नाही.’ पुढचं इंजिनचं प्रत्येक दुखणं मग त्या रीमॅपच्या माथी मारलं जाईल.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. आरसीतल्या नोंदी आणि उत्पादकाने दिलेला तपशील जुळेनासा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीतले सीसी तर तेच राहिले, असा युक्तिवाद करता येईल. पण तो तुम्ही कशाला अंगावर घेताय? 2019च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला कलम 182अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. जसा होता तसाच टर्बो बसवला, तर यातलं काही लागू होत नाही.

आता खरी गोष्ट : जुना टर्बो हातचा सोडू नका. बरेच दुकानदार जुना ‘एक्स्चेंज’मध्ये घेऊन किंमत कमी करतात. त्या सवलतीत तुमचा पुरावा जातो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. म्हणून शाफ्टचा प्ले (ढिलेपणा), घासलेली पाती, ऑइलच्या पाइपात साचलेला काळा गाळ पाहून तज्ज्ञ सांगू शकतो, की ऑइल कमी पडलं, घाण होतं, की पार्टच सदोष होता. तुमचा सगळा खटला या एका प्रश्नावर उभा आहे. टर्बो खोलताना हजर राहा, व्हिडिओ काढा, पार्ट सीलबंद करून त्यावर सह्या घ्या. इंजिनच्या ऑइल चेंबरमधलं थोडं ऑइलही स्वच्छ बाटलीत सील करा. बाहेरच्या ऑइलचं बिल आहे ना? त्यावर ग्रेड लिहिलेला असेल आणि तो मॅन्युअलशी जुळत असेल, तर निम्मं काम झालं.

क्लेमचा नकार लेखी मागा. काउंटरवरचं तोंडी ‘नाही’ ग्राहक आयोगापुढे चालत नाही. गाडी अडून राहणार असेल तर पैसे भरा, पण जॉब कार्डवर ‘हक्क राखून’ असं लिहूनच सही करा. मग नोटीस द्या : डीलरला, उत्पादकाला आणि वॉरंटी ज्याच्या नावावर आहे त्याला. कागद नीट वाचा; कधी कधी ती वॉरंटी तिसऱ्याच कंपनीची निघते. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडी पुण्याची असली तरी तुम्ही सांगलीत राहता, म्हणून सांगलीतच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

विम्याचं म्हणाल, तर नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. इंजिन प्रोटेक्टसारखं ॲड-ऑन (पॉलिसीवरचं जादा संरक्षण) घेतलं असेल तरच ते कलम वाचायला बसा.