कोल्ह्यासाठी लस कुत्र्याला

प्रश्न : चिलीतला डार्विनचा कोल्हा संकटात आहे आणि त्याला पाळीव कुत्र्यांपासून रोगाचा धोका आहे, असं वाचलं. कुत्रा चावला नाही तरी रोग लागतो? मग कोल्ह्यांनाच लस का टोचत नाहीत?

उत्तर : लागतो. हा कोल्हा चिलोए बेटावर, नाहुएलबुता राष्ट्रीय उद्यानात आणि त्यांच्यामधल्या किनारी जंगलात उरला आहे. आजूबाजूच्या वाड्यांवरची कुत्री मोकळी हिंडतात. डिस्टेंपर (श्वसन आणि मेंदूवर घाला घालणारा विषाणूजन्य रोग) झालेलं कुत्रं लक्षणं ठळक दिसण्याआधीच नाकातोंडातून विषाणू सोडू लागतं. हा विषाणू उन्हात लवकर मरतो, त्यामुळे त्याला जवळचा संपर्क लागतो. पार्व्हो या आतड्याच्या रोगाच्या विषाणूचं तसं नाही. तो विष्ठेतून पडतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. कोल्ह्यानं नुसतं हुंगलं तरी पुरे. खरजेचे किडे थंड, दमट बिळात काही दिवस तग धरतात.

कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटालिना बेटावर १९९९च्या सुमारास डिस्टेंपर शिरला. तिथे तो बहुधा रॅकूनबरोबर आला असावा. सुमारे १,३०० कोल्ह्यांपैकी शंभरेक उरले. त्यांना कुत्र्यांची नेहमीची लस दिली नाही, कारण तिच्यात जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो आणि या कोल्ह्यांच्या जवळच्या नात्यातल्या करड्या कोल्ह्यांना त्याच लशीनं डिस्टेंपर झाल्याच्या नोंदी आहेत. कॅनरीपॉक्स विषाणूवर बेतलेली वेगळी लस वापरावी लागली. शिवाय प्रत्येक कोल्हा पिंजऱ्यात पकडणं आलं. म्हणून, आमच्या मते, आधी कुत्र्यांना टोचा.

पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांचं असताना पहिला डोस, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: एकच डोस देऊन लोक थांबतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं) लहान पिल्लात लशीला निष्प्रभ करतात, म्हणून शेवटचा डोस चुकवू नये. वर्षानं बूस्टर. लस २ ते ८ अंश सेल्सिअसलाच ठेवा, विरघळवल्यावर लगेच टोचा.

प्रश्न : सोलापूरकडे माळावर खोकड (आपल्याकडचा छोटा कोल्हा) दिसतं. आमच्या राखणीच्या कुत्र्यांनाही हेच लागू?

उत्तर : हो. खोकड जगभरच्या यादीत संकटग्रस्त नाही, पण नान्नज परिसरातल्या कुत्र्यांच्या रक्तात पार्व्हो, डिस्टेंपर आणि अॅडिनोविषाणू (यकृताच्या रोगाचा विषाणू) यांची प्रतिपिंडं मोठ्या प्रमाणात आढळली आहेत, म्हणजे हे रोग तिथल्या कुत्र्यांत फिरत असतात. वर सांगितलेल्या मिश्र लशीबरोबर (एकाच टोचणीत डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंवरची लस) तीन महिन्यांनंतर रेबीजची लसही द्या. रात्री कुत्रं बांधा, मेलेली जनावरं खोल पुरा. आजारी किंवा झोकांड्या खाणारं खोकड दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला कळवा.