आजोबांच्या कपाटात सापडलेले जुने कॅमेरा रोल गोव्यात कमी खर्चात कसे धुवून मिळतील?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: फोंड्याच्या घरात पाच रोल सापडले. एक ऑर्वो एनपी २२चा १२० रोल (कागदात गुंडाळलेली रुंद फिल्म), कोडाकलर-एक्सच्या दोन १२६ कार्ट्रिज (प्लास्टिकच्या बंद डबीतली फिल्म), एक कोडाक्रोम ६४ आणि एक कोडॅक गोल्ड. स्टुडिओवाल्यांनी हात वर केले, आणि परदेशी लॅबचा खर्च झेपणारा नाही.

माझा सल्ला असा की फक्त कोडॅक गोल्ड लॅबला द्या आणि उरलेले चार घरीच कृष्णधवल पद्धतीने धुवा. त्या चारांपैकी तीन मुळात रंगीत असले, तरी त्यांचे रंग घरगुती खर्चात परत येणार नाहीत. चेहरे मात्र येऊ शकतात, आणि जुन्या रोलमधून आपल्याला हवे असतात ते चेहरेच.

कारण प्रत्येक रोलची रसायनं वेगळी. गोल्डवर ‘सी-४१’ लिहिलेलं असेल. ही प्रक्रिया १९७२ला आली आणि आजही चालू आहे. कोडाकलर-एक्स त्याआधीच्या ‘सी-२२’ प्रक्रियेचा. ती प्रक्रिया साधारण २४ अंशांवर चालायची, तर सी-४१ चालते जवळपास ३८ अंशांवर. त्यामुळे कुणी ‘टाकून बघू’ म्हणत तो रोल सी-४१च्या मशीनमध्ये घातला, तर मऊ जिलेटिन, म्हणजे फिल्मवरचा चित्र धरणारा थर, सुटून चित्रासकट जाईल. कोडाक्रोमसाठी ‘के-१४’ ही प्रक्रिया लागायची. ती करणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्सची होती, आणि तिनेही ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं. आता कोडाक्रोम रंगीत धुवून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. ऑर्वो पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचा, मुळातच कृष्णधवल. नावातला २२ म्हणजे २२ डिन, साधारण १२५ एएसए; फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते सांगणारी ही मापं. तो मंद, म्हणजे कमी संवेदनशील, असल्यामुळे त्यात फॉग कमी असेल. फॉग म्हणजे प्रकाश न लागताही वय, उष्णता आणि दमट हवेमुळे फिल्मभर चढणारा करडेपणा. पाचांत सर्वांत जास्त आशा याच रोलकडून. ॲग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात वापरलेला असेल तर १२ चौकोनी फोटो मिळतील.

गोल्ड मुंबई-बंगळूरच्या एखाद्या लॅबला पाठवताना शक्यतो कुणी ट्रेनने जाणाऱ्याच्या हातात द्या, म्हणजे विमानतळावरचा एक्स-रे टळतो. जवळपास अजून सी-४१ करणारा कुणी सापडला, तर आठवड्याला किती रोल धुतो ते आधी विचारा. महिन्याला दोन-तीनच रोल होत असतील तर त्याचं डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण) मशीनमध्ये पडून मेलेलं असणार.

आता घरचं काम. लागतो तो एक प्लास्टिकचा डेव्हलपिंग टँक, म्हणजे झाकण लागलं की आत उजेड न जाणारा डबा, ज्याचं रीळ (फिल्म गुंडाळायची चकती) ३५ मिमी आणि १२० दोन्हीसाठी सरकतं. पॅटरसनच्या टँकला ३५ मिमीसाठी २९० मिली आणि १२०साठी ५०० मिली द्रावण लागतं. १२६ची फिल्म ३५ मिमी रुंदीचीच असते, त्यामुळे कार्ट्रिज अंधारात मोडली की ती त्याच रिळावर बसते. मागचा कागद वेगळा करायला विसरू नका. आधी एखादा वाया गेलेला रोल उजेडात, मग डोळे मिटून रिळावर चढवायचा सराव करा. जुन्या फिल्मला फार कडक वळण पडलेलं असतं. पहिली दोन इंचं नीट बसली तर बाकीची बसते.

इथे गोव्याची हवा आडवी येते. चेंजिंग बॅगमध्ये (अंधारात फिल्म हाताळायची काळी पिशवी) हात घातले की पाच मिनिटांत आत घामाची वाफ धरते, जिलेटिन फुगतं आणि फिल्म रिळात अडकते. मग माणूस जोर लावतो आणि फिल्म दुमडते. त्या घडीच्या अर्धचंद्रासारख्या खुणा कायम राहतात. म्हणून बॅग टाळा. अमावास्येच्या आसपास रात्री, खिडकी नसलेल्या खोलीत, दाराच्या फटीला चादर लावून, पंखा चालू ठेवून काम करा. इन्व्हर्टरचा बारीक दिवासुद्धा झाका. रीळ कोरडं ठणठणीत हवं. शक्य असेल तर हे काम पावसाळ्यात काढूच नका. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. १२० रोलचा कागद फिल्मला चिकटला असेल तर ओढू नका, हळूहळू सोडवा. कागदावरचे आकडे फिल्मवर उमटलेले दिसतील; ते जात नाहीत.

डेव्हलपर म्हणून मी इथे कॉफीचा सांगेन. जिन्नस सहज मिळतात आणि जुन्या रोलवर तो चांगला चालतो. एक लिटरसाठी निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सीची शुद्ध पूड १६ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड १ ग्रॅम आणि इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम. १२० रोलला याच्या निम्मं पुरतं. सर्वांत जास्त घोळ सोड्यात होतो. बाजारातला स्फटिकासारखा सोडा पाण्याने भरलेला असतो. तो घेतला तर ५४ऐवजी १४६ ग्रॅम लागतो. खात्री नसेल तर खाण्याचा सोडा ८६ ग्रॅम घेऊन कढईत चांगला तापवा, वाफ थांबेपर्यंत ढवळा. त्याचा ५४ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा होतो. कॉफी चिकोरी नसलेली घ्या. स्वस्त रोबस्टा उलट जास्त जोरकस. व्हिटॅमिनच्या चघळायच्या गोळ्या चालत नाहीत, त्यांत साखर असते.

क्रम पाळा. आधी सोडा पूर्ण विरघळवा, मग व्हिटॅमिन सी (फसफसेल), मग ब्रोमाइड, शेवटी कॉफी. पाच मिनिटं थांबून बुडबुडे जाऊ द्या आणि अर्ध्या तासात वापरा. वास वाईट येतो, खिडकी उघडी ठेवा. ब्रोमाइडचं काम फॉग दाबण्याचं. जुन्या फिल्ममधले काही कण उजेड न लागताही डेव्हलप व्हायला तयार झालेले असतात, त्यांना ते मागे खेचतं. पण क्षीण झालेल्या चित्रालाही तेच खेचतं, म्हणून एक ग्रॅमच्या वर जाऊ नका. ते शाळा-कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात मागा.

वेळ २० अंशांवर १५ मिनिटं. पहिलं मिनिट सतत हलवा, पुढे दर मिनिटाला तीन वेळा उलटं-सुलटं. गोव्यात नळाचं पाणी बरंच गरम, त्यामुळे मोठ्या बादलीत बर्फाच्या बंद बाटल्या टाकून सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणीही २० अंशांवर आणा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकलात तर तो पातळ होईल. सगळ्या पायऱ्यांचं तापमान सारखं असणं हे नेमक्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचं. थंड डेव्हलपरनंतर गरम पाणी पडलं तर जिलेटिनला जाळीसारख्या सुरकुत्या पडतात.

डेव्हलपर ओतण्याआधी फिल्म साध्या पाण्यात पाच मिनिटं भिजवा. पाणी हिरवं-निळं निघालं तर घाबरू नका, तो फिल्मचा रंग. डेव्हलपरनंतर आम्लाचं स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) नको. सोड्याशी आम्लाची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे मऊ जिलेटिनमध्ये भोकं पाडतात. साध्या पाण्याने तीनदा खळबळा.

मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं सोडियम थायोसल्फेट. २५० ग्रॅम स्फटिक आणि १५ ग्रॅम सोडियम सल्फाइट एका लिटरात. विरघळताना हायपो पाणी स्वतःच थंड करतो, इथल्या उन्हात हा फायदाच. वापरण्याआधी मात्र पुन्हा २० अंशांवर आणा. रंगीत मासे विकणाऱ्या दुकानातही तो क्लोरीन काढायला म्हणून मिळतो. फिल्मचा एक तुकडा त्यात टाका. पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. तसाच दुसरा तुकडा, रोलवर डेव्हलपर ओतण्याआधी, उजेडात धरून डेव्हलपरमध्ये टाकला असता काही मिनिटांत काळाकुट्ट व्हायला हवा. होत नसेल तर डेव्हलपर चुकलाय; रोल टँकमध्येच राहू द्या आणि नवा बनवा. ही चाचणी प्रत्येक वेळी करा.

धुताना पाणी वाचवायचं तर टँक भरून ५ वेळा, नव्या पाण्यात १०, पुन्हा नव्या पाण्यात २० वेळा उलटा करा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या. पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते चालेल, फक्त त्यात आम्ल नाही हे बाटलीवर पाहा. विहिरीच्या पाण्याचे डाग वाळल्यावर निघत नाहीत.

कोडाक्रोम स्वतंत्र धुवा. त्याच्या पाठीवर काळा थर असतो, तो सुटून दुसऱ्या फिल्मला चिकटेल. आधी लिटरला २० ग्रॅम टाकणखाराच्या (बोरॅक्स) पाण्यात मिनिटभर जोरात हलवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. उरलेला थर हायपोनंतर ओल्या कापसाने चकचकीत बाजूने पुसा. तरी निगेटिव्ह दाट आणि काळपट दिसेल, कारण आतल्या पिवळ्या थरात बारीक चांदी असते आणि ती हायपोने निघत नाही. स्कॅन करताना उजेड वाढवला की चित्र वाचता येतं. कोडाकलर-एक्सचा नारिंगी रंगही तसाच राहतो, त्याची काळजी नको.

सुरुवात दोनपैकी एका १२६ने करा. त्यात हात बसला की ऑर्वो, आणि कोडाक्रोम सर्वांत शेवटी. स्कॅनरवर खर्च करू नका. टॅबलेटवर पांढरा पडदा लावा, निगेटिव्ह त्याच्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर धरा म्हणजे पडद्याचे ठिपके येत नाहीत, वरून कॅमेऱ्याने फोटो काढा आणि संगणकावर रंग उलटवून कृष्णधवल करा.