मुलाला रील सोडून काय दाखवू? फुकट, मजेशीर आणि काहीतरी शिकवणाऱ्या वेबसाइट

तुम्ही विचारलंय की मुलगा सहावीत आहे, सुट्टी लागली की दिवसभर रील बघत बसतो, मोबाईल काढून घेतला की घरात भांडणं, तर नेटवर पैसे न भरता असं काय आहे ज्यात त्याला मजाही येईल आणि चार गोष्टी डोक्यात शिरतील. आमच्याकडे हेच तीन वर्षांपूर्वी झालं होतं म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात राहते. माझी भाची पुण्याहून दर मे महिन्यात आमच्याकडे येते, आता बारा वर्षांची आहे. दुपारी बाहेर ४२ डिग्री, खेळायला पाठवायची सोय नाही, मग हातात मोबाईल येणारच. पहिल्या वर्षी मी नुसतं ओरडत राहिले, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या वर्षीपासून एकच ठरवलं, स्क्रीनवर जे बघशील त्यातलं काहीतरी संध्याकाळपर्यंत वहीत, गच्चीवर नाहीतर बागेत करून दाखवायचं. ज्या साइटवर असं काही निघतच नाही ती आमच्या यादीतून बाद.

सगळ्यात आधी आकड्यांचं सांगते कारण त्याला नुसती पेन्सिल लागते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा आकडा. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतो. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतोच. भाचीने त्या दिवशी वहीची सहा पानं भरली, शेजारच्या गुजराती मुलांना ओट्यावर बसवून त्यांच्याकडूनही करून घेतलं, एका मुलाचा आकडा येईना तर त्याची वजाबाकी कुठे चुकली ते हिने शोधून काढलं. वजाबाकीच्या नावाने शाळेत तोंड वाकडं करणारी मुलगी ही!

मग तिला ओईआयएस दाखवलं, म्हणजे आकड्यांच्या मालिकांचा ऑनलाइन कोश. नील स्लोन नावाच्या गणितज्ञाने १९६४ मध्ये विद्यार्थी असताना मालिका जमवायला सुरुवात केली, १९९६ पासून ते सगळं नेटवर आहे. वापरायला एकदम सोपं, एक रिकामा चौकोन असतो त्यात आकडे टाकायचे. आम्ही टाकलं १, ९, ४५, ५५, ९९ आणि समोर आलं कापरेकर संख्या! आपल्या माणसाचं नाव तिथे बघून मला फार बरं वाटलं. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ परत ४५. ५५ चा वर्ग ३०२५, ३० अधिक २५ परत ५५. पुढचा आकडा २९७ आहे, तो तुमच्या मुलाला स्वतः करू द्या. साइट इंग्रजीत आहे आणि दिसायला एकदम साधी, चित्रंबित्रं नाहीत, पण मुलाने जिन्यावर बसून स्वतःच्या मनाने एखादी मालिका बनवावी आणि ती आधी कुणाला सुचली होती का ते तिथे शोधावं, हा खेळ आमच्याकडे अजून चालू आहे.

दुसरं, आकाश. स्टेलॅरियम नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट, आणि त्याची वेब आवृत्ती थेट ब्राउझरमध्ये चालते, काही डाउनलोड करावं लागत नाही. खाली आपलं गाव निवडायचं की आत्ता या क्षणी डोक्यावर कुठला तारा आहे ते दिसतं. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे सप्तर्षी चांगले वर आलेले असतात, त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवत नेला की स्वाती लागते, आणखी पुढे गेलं की चित्रा. हे आधी स्क्रीनवर बघायचं आणि मग मोबाईल खालीच ठेवून गच्चीवर जायचं.

त्यातली मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट ध्रुवताऱ्याची. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, जवळजवळ तितकाच त्या गावाचा अक्षांश असतो. वडोदरा २२ अंशाच्या थोडं वर आहे. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे आमच्या गच्चीवरून ध्रुव दोन मुठी आणि वर एक-दोन बोटं इतका. भाचीने मुठीवर मूठ ठेवून मोजला, दोनदा मोजला, मग स्टेलॅरियममध्ये गाव बदलून पुणं टाकलं तर तिथे साडेअठराच्या आसपास! ती म्हणाली मावशी, म्हणजे मी ट्रेनने इकडे आले तेव्हा तारा वर चढला? मी म्हटलं हो, तू पृथ्वीच्या गोल पाठीवर उत्तरेला सरकलीस म्हणून. अक्षांश हा शब्द तिला भूगोलात पाठ होता पण तो स्वतःच्या मुठीने मोजता येतो हे त्या रात्री कळलं. घरी गेल्यावर पुण्याच्या गच्चीवरून परत मोजून तिने मला फोन केला होता.

तिसरं, पाखरं. झेनो-कँटो ही साइट नेदरलँड्समधून २००५ साली सुरू झाली, जगभरातले लोक आपण रेकॉर्ड केलेले पक्ष्यांचे आवाज तिथे टाकतात, कुणीही ऐका, लॉगिन नको काही नको. आमच्या घरामागे पिंपळ आहे, त्यावर दुपारभर कुणीतरी ठोके घालत असतं, टुक टुक टुक टुक, आणि मी लहानपणापासून ऐकत असूनही तो पक्षी कधी पाहिलाच नव्हता. तो तांबट. साइटवर त्याचं इंग्रजी नाव कॉपरस्मिथ बार्बेट टाकलं की पानभर रेकॉर्डिंग येतात आणि प्रत्येकाखाली आवाजाचं चित्र असतं, त्यात तांबटाचे ठोके एकसारख्या रेघांसारखे दिसतात, जणू कुणी पट्टी धरून आखलेत. भाचीने घड्याळ लावून पिंपळावरच्या तांबटाचे ठोके मोजले, मिनिटाला शंभराच्या वर भरले. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कमाटीबागेत गेलो आणि वडाच्या शेंड्यावर तो दिसला, चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिकली, गळ्याखाली लाल पट्टा. वडाची, पिंपळाची फळं हे त्याचं आवडतं खाणं. आमच्या गावाचं नावच वटोदर, वडाच्या पोटातलं, तेव्हा इथे त्याची चंगळ आहे. एक सांगून ठेवते, रेकॉर्डिंग घरातच ऐकायचं, झाडाखाली जोरात वाजवायचं नाही, पक्षी समजतात दुसरा कुणी आपल्या जागेत घुसला आणि बिचारे हैराण होतात.

बाकीच्या भरभर सांगते. फेट नावाची साइट अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली, त्यात विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर करता येतात आणि बरेच प्रयोग मराठीतही आहेत. सर्किटवाला नक्की दाखवा. त्यात बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरने जोडली की बॅटरी पेट घेते, मुलांना तेच पहिलं करायचं असतं, करू द्या, घरात करण्यापेक्षा तिथे केलेलं बरं. मग खोडरबर जोडून बघा, दिवा लागत नाही, पेन्सिल जोडा, लागतो. आम्ही नंतर दोन सेल, दिवाळीच्या बिघडलेल्या माळेतला एक लाल दिवा आणि दोन्ही टोकं तासलेली पेन्सिल घेऊन ते खरं करून पाहिलं. लागला दिवा!

अरविंद गुप्तांची साइट तर आपल्या घरचीच. कचऱ्यातून खेळणी कशी बनवायची त्याचे व्हिडिओ, फोटो, आणि मराठी-हिंदीतली भरपूर पुस्तकं, सगळं मोफत. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्रिकोण करा, हलत नाही, चौकोन करा, डुगडुगतो. पुलांमध्ये आणि छपरांच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात ते काही न समजावता मुलाला कळतं. व्हॉल्व्ह ट्यूब आम्हाला सायकलवाल्याकडे दहा रुपयांत मिळाली.

आयनॅचरलिस्ट, यात झाडा-प्राण्यांचे फोटो टाकायचे आणि जगभरातले जाणकार नाव सांगतात. आम्ही विश्वामित्रीच्या पुलावरून काढलेला मगरीचा फोटो टाकला होता, हो, आमच्याकडे शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत मगरी आहेत. तेरा वर्षांखालच्या मुलाने स्वतःचं अकाउंट काढायचं नाही, तुमच्या अकाउंटवरून करा आणि घराजवळचा फोटो असेल तर जागा लपवायची सोय आहे, ती वापरा.

विंडी, वाऱ्या-पावसाचा नकाशा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मी त्यावर ते ढगांचं भोवरं जमिनीवरून कच्छकडे सरकताना बघत होते, तेच पुढे समुद्राशी पोचून असना नावाचं चक्रीवादळ झालं. आता भाची पावसाआधी पुण्यात बसून वाऱ्याची दिशा बघते आणि मला सांगते.

आणि मराठी विश्वकोश, वीस खंड पूर्ण मोफत, शाळेच्या प्रोजेक्टसाठी कुठलंही पान कॉपी करण्यापेक्षा आधी तिथे वाचायला लावा.

आता पैशांचं, कारण तुम्ही मुद्दाम विचारलंय. एका गणिताच्या साइटवर सात दिवस फुकट असं मोठ्या अक्षरात होतं, मी कार्डाचा नंबर दिला, आठव्या दिवशी वर्षभराचे पैसे कापले गेले आणि परत मिळायला दीड महिना भांडावं लागलं. तेव्हापासून मी साइट उघडली की आधी बघते ही चालवतं कोण. वर सांगितलेल्यांतली बरीचशी विद्यापीठांची, सरकारी किंवा देणग्यांवर आणि लोकांच्या मदतीवर चालणारी आहेत, विंडी कंपनीची आहे, तिच्यावर पैसे भरून जास्तीचं मिळतं पण नकाशा बघायला काही लागत नाही. यातल्या एकीनेही मला कार्ड मागितलेलं नाही. जिथे बघायच्या आधीच कार्ड मागतात ती साइट बंद करा, कितीही छान दिसू दे.

फुकट म्हणजे हलकं असं घरातले मोठे म्हणतात, माझे सासरेही म्हणायचे. मी त्यांना आमच्या वडोदऱ्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीची आठवण करून दिली. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, आणि मग लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यापाड्यांत पाठवायला लागले, वाचणाऱ्याकडून पैसे न घेता. माझ्या सासऱ्यांचे वडील अशाच पेटीतल्या पुस्तकावर वाचायला शिकले होते, हे त्यांनीच मग मला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी भाचीशेजारी बसून ६१७४ करायला लागले.

तुमच्या मुलाला एकदम सगळ्या साइट दाखवू नका, तो दहा मिनिटांत सगळ्या उघडून परत रीलवर जाईल. आज रात्री फक्त ध्रुवतारा दाखवा, तुमच्या गावाचा अक्षांश आधी सांगू नका, त्याला मुठीने मोजू द्या.