माझा आठ महिन्यांचा पाळीव सरडा, बिअर्डेड ड्रॅगन, फक्त कीटकच खातो, पाल्याला तोंड लावत नाही. हे चालेल का?
एवढ्या पिल्लाच्या बाबतीत हे काही काळ चालेल, फार दिवस नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला हा सरडा लहानपणी मुख्यतः कीटक खातो, परंतु प्रौढपणी त्याच्या आहारात सुमारे ७० ते ८० टक्के वनस्पती असाव्या लागतात. म्हणून आतापासूनच सकाळी, तो भुकेला असताना, बारीक चिरलेला पाला आणि किसलेला लाल भोपळा आधी ठेवावा व कीटक नंतर द्यावेत. पालक मात्र रोज नको, कारण त्यातील ऑक्सॅलेट या घटकामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. कीटक त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा आणि त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. अर्थात यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर तीही फारशी उपयोगी पडत नाही आणि हाडे मऊ होतात. काजवा चुकूनही देऊ नये, एकसुद्धा जिवावर बेतू शकतो.