ग्राउट वरच्या भोकातून येत नाहीये? आधी वरचं इरेक्शन (पॅनल चढवणं) थांबवा

तुमची पोस्ट वाचली आणि आमची सातव्या मजल्यावरची भिंतच डोळ्यांसमोर आली. तुमच्याकडे भिंतीच्या पॅनलमधल्या स्लीव्हमध्ये (खालच्या मजल्याची सळई जिच्यात शिरते ती नळी) खालून पंपाने ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ मसाला, भरणं चालू आहे, तो वरच्या भोकातून बाहेर येत नाही आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वरून मसाला भरून बुजवून टाकू. अजिबात बुजवू देऊ नका. पाण्याचं माप, फ्लो टेस्ट, क्यूब या ग्राउटच्या तपासण्या तुम्ही बघतच असाल, त्यात शिरत नाही.

आमचं काम नवी मुंबईत, प्रीकास्ट (आधीच ओतून आणलेल्या) भिंतींचं. खालून वर आलेले डॉवेल (सांध्याच्या सळया) वरच्या पॅनलच्या स्लीव्हशी जुळेनात, फरक जेमतेम बोटभर. गँगने काही गॅसने तापवून वाकवले, दोन तर ग्राइंडरने कापले आणि पॅनल बसवून मोकळे झाले. पॅनल ओळंब्यात, बाहेरून बघून कुणाला शंकाही येणार नाही. मी डिझाइन ऑफिसला फोटोसकट लिहिलं तर उत्तर एका ओळीचं, "ड्रॉइंगप्रमाणे करा". अहो ड्रॉइंगप्रमाणे झालं नाही म्हणूनच तर विचारतोय ना! पुन्हा लिहिलं, एकोणीस दिवस काही नाही. आणि क्रेनचं भाडं चढतंय म्हणून मी तेवढ्या दिवसांत वर अजून तीन मजले चढू दिले, ही माझी चूक आणि तीच सगळ्यात महाग पडली. नंतर एंडोस्कोप कॅमेरा घातला तर स्लीव्ह अर्धी पोकळ, बार जेमतेम टोकाला शिरलेला. मग मजल्यामजल्याला प्रॉप (तात्पुरते टेकू) लावा, भिंत फोडा, बार उघडे करा, मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं काँक्रीट) भरा, सात आठवडे त्यात गेले.

सांधा म्हणजे किरकोळ काम असं ज्यांना वाटतं त्यांना लंडनच्या रोनन पॉइंटबद्दल सांगा. १९६८ साली १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि २२ मजली इमारतीचा एक अख्खा कोपरा खाली आला, ४ माणसं गेली. स्फोट फार मोठा नव्हता, पण भिंती एकमेकींना नीट बांधलेल्याच नव्हत्या. १९८६ मध्ये इमारत सुटी करून उतरवली तेव्हा काही सांध्यांत काँक्रीटऐवजी वर्तमानपत्रं कोंबलेली निघाली.

माझं मत (मी डिझायनर नाही, साइटवरचा माणूस आहे, तुमच्या स्लीव्हच्या कंपनीची मेथड शीट (काम कसं करायचं त्याचं पत्रक) आधी बघा): स्लॅब ओतताना डॉवेलना पत्र्याची नाही, जाड लोखंडी टेम्प्लेट (जागा पक्की धरणारा भोकांचा साचा) लावा आणि काँक्रीट ओलं असतानाच पुन्हा टेप लावून मोजा. पॅनल उचलायच्या आधी प्रत्येक स्लीव्हमध्ये टॉर्च मारा, पॅनल ओतायच्या यार्डातला थर्माकोल आत अडकलेला आम्हाला दोनदा सापडलाय. पॅनलखालची फट बंद करणारं सील फुटून ग्राउट भलतीकडे तर जात नाही ना, तेही बघा. आणि प्रत्येक भोकाचा फोटो काढताना पॅनलवर खडूने नंबर लिहून घ्या, नंतर कुणी मान्य करत नाही.

तुमच्या त्या पॅनलच्या वर आत्ता किती मजले चढलेत आणि प्रॉप अजून आहेत की काढले, एवढं आजच लिहा.